वाद्यवृंद आणि त्यांतील माणसें

नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरांतील हौदांपर्यंत आणण्यांत आलें. वाटेंत जागोजागीं उच्छ्वास बांधलेले होते. हौदावर घागर भरणारास जमिनीखालच्या त्या योजनेची आठवणही होत नसे. वाद्यवृंदाची गोष्ट कांहींशी अशीच आहे. श्रोत्याच्या कानीं पडतें तें गाणें. त्यामागील योजना दृष्टीआड राहते.

आपलें रागसंगीत मुख्यतः एकट्या कलावंताचें. ऐन वेळीं सुचलेली जागा हें त्याचें भूषण. साथीदार त्याच्या मागोमाग जातो. परंतु वीस वादकांना एकाच क्षणीं एकच जागा सुचणें शक्य नसतें. म्हणून वाद्यवृंदांत स्वरलेखन आलें. कोणीं केव्हां वाजवावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे केव्हां थांबावें, हें ठरविणारा संयोजक आला. व्हायोलिनांनीं दीर्घ स्वर धरावा, सतारीनें त्यावर नक्षी काढावी, बांसरीनें ओळींमधील मोकळी जागा भरावी, ही वांटणी साधली तरच तो वृंद; एरव्हीं नुसता कल्लोळ.

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनीं १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानांत अनाथ मुलांना शिकवून असा वृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनीं नलतरंग हें वाद्यही घडविलें. पुढें १९५२ मध्यें दिल्लीस आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला, तेव्हां त्यांचेच शिष्य पंडित रविशंकर यांजकडे त्याची धुरा आली.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत हें कार्य विशेषेंकरून गोमंतकीय वादकांनीं केलें. माजोर्डे गांवचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीं एक. रागदारी आणि पाश्चात्य स्वरमेळ यांचा संगम व्हावा हा त्यांचा ध्यास. १९५८ मध्यें त्यांनीं स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. त्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचें गायन झालें. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ सालच्या एका चित्रपटगीतामुळें गुरूचें नांव घरोघर पोंचलें. परंतु तें नांव खऱ्याखुऱ्या वादकाचें आहे, हें फार थोड्यांस ठाऊक होतें.

एके काळीं वेशीबाहेरचें कात्रज आज पुणें शहरांतच सामावलें आहे. उत्सवाच्या मांडवांतून गाणीं पूर्वीइतकींच ऐकूं येतात; परंतु कित्येक ठिकाणीं वादकांच्या जागीं एक यंत्र आणि आधींच मुद्रित केलेली साथ असते. खर्च वांचतो, चूकही होत नाहीं. मात्र गायकाचा श्वास अडखळला तर यंत्र त्याच्यासाठीं क्षणभर थांबत नाहीं. शेजारी बसलेला वादक थांबतो. हें थांबणें अनेक वर्षांच्या सहवासानेंच येतें, आणि वादकांना एकत्र बसण्याचे प्रसंगच उरले नाहींत तर तें कोणाकडून शिकावें?

याचें उत्तर श्रोत्यांच्याही हातीं आहे. घरच्या मंगलकार्यांत चार वादकांना पाचारण करावें, आणि गाणें संपल्यावर गायकाबरोबर त्यांचींही नांवें विचारावींत. हौदाचें पाणी गोड लागलें, तर तलावाची आणि नळाची निगा राखणें हेंही नगरवासीयांचेंच काम होय.