लेकरू सांभाळण्याचे काम : आधी घर पारखावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



चार लोकांत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान म्हणावे असे माझ्याजवळ काही नाही. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही नऊ वर्षे पुण्यात लोकांची लेकरे सांभाळली, त्यातले चार शब्द सांगा." त्यांचा शब्द मोडवेना म्हणून उभी आहे. चुकले तर पदरात घ्यावे.

हाच विषय का, ते आधी सांगते. गेल्या वर्षभरात आपल्याच आळीतल्या तिघीजणी माझ्याकडे येऊन गेल्या. तिघींचा प्रश्न एकच: "मावशी, पुण्याला लेकरू सांभाळायचे काम मिळेल का? पगार किती देतात?" घर कोणाचे, माणसे कशी, हे एकीनेही विचारले नाही. मला मोठे नवल वाटले. बाजारात मिरची घेताना आपण एक मोडून पाहतो. मुलीची सोयरीक करायची तर चार गावांत चौकशी करतो. मग ज्या घरात रात्रंदिवस राहायचे, त्या घराची चौकशी का करू नये? "गरजवंताला अक्कल नसते" ही म्हण मीही लहानपणापासून ऐकलेली. पण तिचा अर्थ मला स्वतःच्या अनुभवानेच कळला.

2012 साली पावसाने दगा दिला. 2013 च्या उन्हाळ्यात आपल्या जालना जिल्ह्याची काय दशा झाली, ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, टँकरच्या मागे आपण घागरी घेऊन धावलो. आमची तीन एकर कोरडवाहू. कर्ज डोक्यावर. निंदणी-खुरपणीची मजुरीही बंद. तेवढ्यात ओळखीतल्या एकाने निरोप आणला की, पुण्यात एका घरी तान्हे बाळ सांभाळायला बाई हवी आहे, राहणे-खाणे तिथेच, महिना सहा हजार. पाच वर्षांचा मुलगा आत्याबाईंच्या ओटीत घातला आणि जालन्याहून रात्रीच्या गाडीने मी निघाले. घरचा पत्ता एका चिठोऱ्यावर होता. याखेरीज मला काही माहीत नव्हते आणि मी काही विचारलेही नव्हते.

त्या घराचे नाव घेण्याचे कारण नाही. बाळ सांभाळायचे म्हणून गेले ते खरे. पण आठ दिवसांत भांडी आली, मग धुणे आले, पुढे सात माणसांच्या पोळ्याही आल्या. पोळ्या लाटताना बाळ रडले की ओरडा मला, आणि बाळाला घेतले की पोळी करपली म्हणून ओरडाही मलाच. निजायला स्वयंपाकघरातली ओट्याखालची जागा. सुट्टी नाही. "पगार आमच्याकडेच साठू दे, एकदम घेऊन जा," असे गोड बोलून दोन महिने हातावर काही ठेवले नाही. तिसऱ्या महिन्यात बाळाला ताप आला, तो माझ्यामुळे आला असे ठरले आणि मला त्याच दिवशी निघायला सांगितले. साठलेल्या पगारातले निम्मे दिले. मी भांडले नाही, कारण कबूल काय झाले होते याचा एक ओळीचाही कागद माझ्याजवळ नव्हता.

हे दुःख माझ्या एकटीचे नाही आणि आजचेही नाही. लेकरू सांभाळणाऱ्या बाईला आपण 'आया' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. इंग्रजी अमलात साहेबांची कुटुंबे विलायतेला जाताना बोटीवर मुले सांभाळायला अशा आया बरोबर नेत. तिकडे पोहोचल्यावर गरज संपली की कित्येकींना तिथेच सोडून देत. परतीचे भाडेही हाती नसे. अशा बायकांसाठी लंडनच्या हॅकनी भागात एक आश्रयगृह चालत असे. 2022 साली त्या घरावर स्मरणाची निळी पाटी लागली. पुण्यात मी पुढे ज्या घरी राहिले, तिथल्या ताईंनी ही बातमी मला वाचून दाखवली, तेव्हा मला पुण्याच्या स्टँडवर पिशवी घेऊन बसलेली मीच आठवले. विलायत असो की पुणे, परतीचे भाडे आधी ठरले नाही तर बाईची गत एकच होते.

मी जाफराबादेला परत आले. चार महिने घरी राहिले. पण कर्ज थांबत नव्हते. 2014 साली पुन्हा निघायचे ठरले, तेव्हा मात्र मनाशी गाठ मारली की, या खेपेला त्यांनी मला पाहावे तसे मीही त्यांना पाहीन. मुलाच्या जुन्या वहीचे एक पान फाडून त्यावर प्रश्न लिहून घेतले. ते प्रश्न आज तुम्हांला सांगते, कारण माझ्या भाषणाचा गाभा तोच आहे.

पहिला प्रश्न: "आधीची बाई का गेली?" हा एकच प्रश्न विचारला तरी घराची निम्मी परीक्षा होते. जिथे "सगळ्या बाया चोर असतात" असे उत्तर येते, तिथे चार दिवसांनी आपणही चोर ठरणार. जिथे "तिच्या मुलीचे लग्न निघाले, अजून फोन करते" असे सांगतात, त्या घरात बसून पुढचे बोलावे. शक्य असेल तर त्या आधीच्या बाईशीही बोलून घ्यावे.

दुसरा: "काम नेमके कोणते?" मुले किती, वये काय, बाळाचे कपडे-दूध एवढेच की घरचा स्वयंपाकही? रात्री उठायचे कोणी? तिसरा: "पगार कोणत्या तारखेला?" तो माझ्या बँकेच्या खात्यात पडावा, साठवून ठेवू नये. चौथा: "सुट्टी केव्हा, दिवाळीत किती दिवस आणि जायचे-यायचे भाडे कोणाचे?" पाचवा: "निजायची जागा कोणती?" ती आपल्या डोळ्यांनी पाहावी. तिथे आतून कडी लागते की नाही, हेही पाहावे. ओळखीसाठी आधार कार्डाची प्रत मागितली तर खुशाल द्यावी, त्यांचे लेकरू आपल्या हाती आहे. पण मूळ कार्ड कोणाच्याही कपाटात ठेवू नये.

कोणी म्हणेल, एवढे विचारणारी बाई आगाऊ ठरेल. पण हे माझ्याच डोक्यातले खूळ नव्हे. 2011 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी जो करार मंजूर केला, त्यात हेच आहे: कामाच्या अटी आधी स्पष्ट कराव्यात, आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळावी, बाईची कागदपत्रे बाईजवळच राहावीत. त्याच्या कितीतरी आधी, 1980 साली, पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आपल्या राज्याने 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात 18 ते 60 वर्षे वयाच्या बायकांची नोंदणी होते. घरकाम करणाऱ्या बाईची कोणी छेड काढली, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे आपल्याला ठाऊक असावे.

त्या खेपेला मी तीन घरे पाहिली. एका बंगल्यात दहा हजार देत होते. जुळी मुले, अंथरुणावरच्या आजी आणि दोन कुत्री. आधीच्या बाईचे विचारले तर मालकीणबाई हसून म्हणाल्या, "इथे कोणी टिकतच नाही." मी नमस्कार करून उठले. दहा हजार सोडताना पोटात कालवले, खोटे कशाला सांगू! शेवटी जिथे राहिले, तिथे साडेसात हजार होते. पण रविवार मोकळा, दिवाळीत आठ दिवस आणि भाडे त्यांचे. त्या ताई बँकेत नोकरीला. मी माझे पाच प्रश्न विचारले, तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तरे माझ्याच कागदावर लिहून खाली सही केली. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो माझ्या यादीत नव्हता: "तुमचे मूल कुणाजवळ असते?"

मैत्रिणींनो, खरा प्रश्न हाच होता आणि मी तो स्वतःला विचारला नव्हता. त्या वर्षी दिवाळीला घरी आले. मुलासाठी रेल्वेगाडी आणली होती. तो आत्याबाईंच्या आडून माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही किती दिवस राहणार?" आपल्याकडे लेकरू आईला 'तू' म्हणते. 'तुम्ही' म्हणतात ते पाहुण्यांना. त्या रात्री मी जेवले नाही.

परत गेल्यावर ताईंना सगळे सांगितले. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या फोनवरून मुलाशी बोलायचे ठरले. त्या वेळी बाळ त्या घेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर मुलाला पुण्यात माझ्याजवळ राहू दिले. 'तू' पुन्हा ऐकायला मला दीड वर्ष लागले. म्हणून सांगते, ज्या घरी तुमच्या लेकराची चौकशी होत नाही, त्या घरचा पगार कितीही असो, तो महागच पडतो.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. आपण हक्क मागायचा तर कामही चोख हवे. लेकरू सांभाळणे म्हणजे नुसते कडेवर घेऊन बसणे नव्हे. तान्ह्याला उताणे निजवावे. वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटवू नये. रडते म्हणून गदागदा हलवू नये. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी थोडे थोडे पाजत राहावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. हे मी तिथल्या दवाखान्यात शिकले. पूर्वी मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या कित्येक बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत, कारण घरी सांभाळणारे कोणी नसे. त्या माउल्यांना मी दोष देत नाही. पण लेकरू सांभाळणारे माणूस नसले तर काय होते, ते यावरून कळते. आपले काम हलके नाही.

आणखी एक कळकळीने सांगते. शाळकरी पोरींना या कामाला पाठवू नका. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवण्यास 2006 पासून बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जिला स्वतःला अजून आईची गरज आहे, तिने दुसऱ्याची आई कसे व्हावे?

मंडळापुढे माझी एक मागणी आहे. मंडळाने एक वही घालावी. आपल्या गावची कोणती बाई कोणत्या घरी कामाला आहे, त्याचा पत्ता, फोन आणि घराचा बरा-वाईट अनुभव तीत लिहिला जावा. नवी बाई निघाली की तिने आधी ती वही पाहावी. जिथे जाईल तिथला पत्ता वहीत लिहूनच गाडीत बसावे. मी माझी नऊ वर्षे तीत सगळ्यांत आधी लिहून देईन. आणि दुसरे, ज्या बायका बाहेरगावी जातात, त्यांच्या घरी राहिलेल्या लेकरांना आपण दुपारी मंडळाच्या खोलीत दोन तास घेऊन बसावे. थकलेल्या आजीला तेवढीच पाठ टेकता येईल. ते काम मी बिनपगारी करीन.

ज्या बाळाला मी सांभाळले, ते आठ वर्षांचे झाल्यावर, 2022 साली मी परत आले. कर्ज फिटले होते. माझा मुलगा आता कमावता झाला आहे आणि मला 'तू' म्हणतो. त्या तिघीजणी आज इथे बसल्या आहेत. त्यांना एवढेच सांगते: जायचे तर जरूर जा, काम चांगले आहे, पण जाण्याआधी माझ्याकडून ते प्रश्न लिहून घ्या, आणि त्यात ताईंनी विचारलेला सहावा प्रश्न सगळ्यांत वर लिहा.