घोळणा फुटणारी करिन

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. पोरी मोबाईलवर जपानी भुताखेतांची कार्टून बघत बसतात, रक्त पिणारे काय, शिंगवाले राक्षस काय, बघू द्यावं का नाही? डोरेमॉन, शिनचॅनपर्यंत आपली हरकत नव्हती. आता पोरी मोठ्या झाल्या आणि त्यांची कार्टूनंही मोठी झाली. त्यांना त्या 'अ‍ॅनिमे' म्हणतात. सगळ्यांबद्दल एका दमात बोलता येणार नाही. आज एकाच मालिकेबद्दल सांगते, तिचं नाव 'करिन'.

युना कागेसाकी या जपानी बाईंनी ही गोष्ट आधी चित्रकथा म्हणून काढली. २००३ ते २००८ या काळात ती मासिकातून येत होती, तिची १४ पुस्तकं झाली. त्यावरून २४ भागांची मालिका निघाली, ती २००५च्या नोव्हेंबरपासून जपानच्या टीव्हीवर लागली. म्हणजे तशी जुनी आहे, पण मोबाईलवर जुनं-नवं सगळं सारखंच.

गोष्ट अशी. जपानमधल्या एका गावात रक्तपिपासूंचं एक कुटुंब राहतं. इंग्रजीत ज्यांना व्हॅम्पायर म्हणतात ते. आपल्याकडे हडळ, मुंजा, वेताळ आहेत, पण हे त्यातलं नाही. हे मूळचे युरोपातल्या गोष्टींतले, दिवसा झोपणारे, उन्हाला भिणारे. या घरात आई, वडील, थोरला भाऊ, धाकटी बहीण आणि मधली करिन. बाकी सगळे रात्री बाहेर पडून माणसांना चावतात आणि रक्त पितात. करिनचं सगळंच उलटं. तिला ऊन चालतं, रात्री झोप लागते, अंधारात दिसत नाही. ती साधं अन्न खाते, शाळेत जाते, सुटल्यावर हॉटेलात नोकरी करते. आणि मुख्य म्हणजे तिला रक्त प्यायची तहानच नाही. तिच्या अंगात रक्त वाढतं! दर महिन्याला इतकं वाढतं, की कोणाला तरी चावून त्याच्या अंगात ते सोडावं लागतं. नाही सोडलं तर तिचा घोळणा फुटतो. तोही साधासुधा नाही, कारंजं उडावं तसा. नळावर भांडी विसळताना पाईप निसटला तर काय होतं, तसं समजा.

आता 'महिन्याला' आणि 'रक्त' हे दोन शब्द ऐकून तुमच्या जे मनात आलं, तेच माझ्याही आलं. मालिका तसं तोंडानं फारसं बोलत नाही, पण ती पोर काय काय करते बघा. तारीख जवळ आली की घाबरते. वर्गात कोणाला कळू नये म्हणून धडपडते. रुमाल दाबून पळत सुटते. घरचे तिला 'अर्धवट' समजून हसतात. कितीतरी पोरी हे पाहून हसत असतील, आणि हसता हसता मनात म्हणत असतील, अगं बाई, हे तर माझंच. जपानमध्ये मुलगी पहिल्यांदा शहाणी झाली की घरात लाल चवळीसारखे दाणे घालून लाल भात शिजवायची पद्धत होती. आपल्याकडे न्हाण आलं की मखरात बसवायचे, ओटी भरायचे. दोन्हीकडे गाजावाजा मोठा, पण त्या पोरीला नेमकं काय होतंय हे तिला समजावून सांगायला कोणी बसत नव्हतं. करिनच्या घरातही तेच चालतं.

घोळण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. पोराचा घोळणा फुटला की आपण त्याला उताणं निजवतो, कांदा हुंगवतो. उताणं निजवू नका, रक्त घशात उतरतं. बसवून मान थोडी पुढं झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून ठेवा. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा. आणि करिनसारखं रक्त जास्त होण्याची चिंता आपण करायला नको. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी भरतं. तपासणी चुकवू नका.

पुन्हा गोष्टीकडे येते. या घरात प्रत्येकाची रक्ताची आवड वेगळी. आईला खोटारड्यांचं रक्त गोड लागतं, वडिलांना गर्विष्ठांचं. ज्याला चावतात तो काही दिवस खोटं बोलत नाही, याचा गर्व उतरतो. ही आई आपल्या गावात आली तर निवडणुकीच्या दिवसांत तिची चंगळच! करिनचं रक्त मात्र दुःखी माणूस जवळ आला की उसळतं. वर्गात केंटा नावाचा नवा मुलगा येतो आणि त्याला पाहूनच हिचा घोळणा फुटतो. इतका तो हलाखीत असतो.

केंटाची आई फुमिओ. मला या मालिकेतली खरी बाई तीच वाटते. एकटीनं मुलगा वाढवलेला. काम चोख करते, पण जिथं लागेल तिथं वरचा माणूस अंगचटीला येतो. ती काम सोडते, पुन्हा नवं शोधते. घरात धान्य नाही, मुलगा उपाशी शाळेत जातो. मालिका हे गमतीगमतीत दाखवते, मला मात्र तिथं हसू आलं नाही. शेतमजुरीला, भट्टीवर, कारखान्यात जाणाऱ्या बायांना हे सांगायची गरज नाही. आपल्याकडे २०१३चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या कामगार बाईला आणि घरकाम करणारीलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तीन महिन्यांच्या आत. फुमिओला असं दार कोणी दाखवत नाही. एका रात्री करिन तिला चावते, आपलं जास्तीचं रक्त तिच्या अंगात सोडते, आणि सकाळी फुमिओ उठते ती कंबर कसून, हसतमुखानं काम शोधायला निघते. ज्या रक्ताची पोरीला लाज वाटत होती, त्यानंच दुसरीच्या अंगात बळ आलं. पुढं केंटाला तिचं गुपित कळतं. तो ते गावभर करत नाही, दिवसा तिला सांभाळून घेतो. ती त्याच्यासाठी डबा करून आणते.

सगळंच चांगलं आहे असं नाही. पोरीच्या अंगावरून केलेले विनोद जागोजागी आहेत, थोरल्या भावाचे बायकांमागचे उद्योग आहेत. दहा वर्षांच्या पोरीला मी हे दाखवणार नाही. नववी-दहावीच्या पोरीशेजारी बसून मात्र जरूर बघेन, आणि नको तो विनोद आला की तिथल्या तिथं बोलेन.

मालिकेत नाही, पण चित्रकथेत शेवट वेगळाच आहे. करिन शेवटी माणूस होते. तिनं उन्हात, माणसांत सुखानं राहावं म्हणून घरचेच तिच्या मनातून आपली आठवण पुसून टाकतात. पुढं तिचं केंटाशी लग्न होतं, मुलगी होते. आईबाप, भाऊ, बहीण सगळे आहेत, पण तिला माहेर आठवतच नाही. सासरी निघताना आपल्याला 'आता तेच घर' म्हणणारे पुष्कळ भेटले, पण त्या आईनं ते खरंच करून दाखवलं. तिनं बरोबर केलं का? आमच्या गटात यावर दोन तट पडले आणि भाकरी करायची वेळ टळून गेली. तुमच्याकडे काय बोलणं होतं ते केंद्रावर कळवा.