बातमीतला कांदा आणि आपला कांदा
(संघाच्या मासिक सभेतील भाषण)



आज मी कांद्यावर बोलणार आहे. तो लावायचा कसा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. बोलायचंय ते पेपरात कांदा कसा छापून येतो यावर.

वांगी, गवार महागली तर आतल्या पानावर दोन ओळी येतात. कांदा मात्र थेट पहिल्या पानावर. तिथे तो कधी 'कडाडतो', कधी 'गडगडतो', कधी 'शंभरी गाठतो', कधी त्याचा 'वांदा' होतो. निवडणुकीच्या बातम्यांत तर तो सरकारंही पाडतो. १९९८ साली दिल्ली विधानसभेत सत्ताधारी पक्ष हरला, तेव्हा महागलेला कांदा हे त्याचं एक मोठं कारण मानलं गेलं.

पण कांद्याला कायमचा चिकटलेला शब्द म्हणजे 'रडवलं'. भाव वाढला तरी कांद्यानं रडवलं आणि भाव पडला तरी कांद्यानंच रडवलं! म्हणून मथळा वाचला की पहिला प्रश्न विचारायचा : कोणाला रडवलं? घेणाऱ्याला की पिकवणाऱ्याला? ८ डिसेंबर २०२३ पासून सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. शहरात ही भाव उतरण्याची बातमी होती. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. बातमी एकच, पण एकाचा दिलासा तो दुसऱ्याचा घोर. ती बंदी उठली ४ मे २०२४ ला.

दुसरा प्रश्न : भाव कुठला? बाजार समितीचा भाव क्विंटलचा असतो. २,००० रुपये म्हणजे किलोला २०. त्यातही किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे. मथळ्यात कमाल भाव आला म्हणून आपला सगळा माल त्या भावानं जात नाही. सरासरी बघा. मग त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी देशभर गाजली. ५१२ किलो कांदा विकून, खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला होता.

तिसरा प्रश्न : कांदा कधीचा? उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, लाल कांदा फार टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास जुना कांदा संपत आलेला असतो आणि नवा पुरेसा आलेला नसतो. तेव्हा भाव चढतो आणि 'शेतकऱ्याची चांदी' असं छापून येतं. पण पैशाची नड म्हणून ज्यानं मे महिन्यातच माल विकला, त्याला त्या चांदीतलं काय मिळालं?

आता सांगा, या बातम्यांत बाई कुठे दिसते? 'गृहिणींचं बजेट कोलमडलं', एवढ्यापुरतीच. रोपं लावणं, खुरपणं, काढणी, पात कापणं, चाळीत भरताना सडका कांदा निवडणं, यात राबणारे हात बहुतेक बायांचे. फोटोत मात्र ट्रॅक्टर आणि लिलाव. बातमीत पिकवणारा 'तो' आणि विकत घेणारी 'ती'. आपण तर दोन्ही करतो!

बियाण्याला, खताला गटातून कर्ज आपण उचलतो. हप्ता आपल्या नावावर. मग भावाची बातमी पुरुषांनी पारावर वाचायची आणि आपण चुलीपाशी नुसती ऐकायची, हे कसं चालेल? कांदा कधी विकायचा, किती ठेवायचा, या बोलण्यात आपणही बसलं पाहिजे. विक्री झाली की हिशोबपट्टी स्वतः बघायची. भाव किती, वजन किती, कपात कशाकशाची, हे वाचायचं. वाचता येत नसेल तर गटात आणा, सचिव ताई वाचून दाखवतील.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं कांद्याच्या बातमीचं एक कात्रण आणायचं आणि हे तीन प्रश्न विचारायचे : कोणाला, कुठला, कधीचा? ज्यांच्या घरी कांदा विकला असेल त्यांनी पट्टीही आणा. बातमीतला भाव आणि पट्टीवरचा भाव शेजारी ठेवून बघू. त्या दोन आकड्यांमधलं अंतर कळलं, की पुढचा व्यवहार डोळे उघडे ठेवून करता येईल.