तिकडची चिंता, इकडचा राग



 आमच्या अंबरनाथात यात्रा म्हटली की एकच, महाशिवरात्रीची. वालधुनीकाठच्या ज्या शिवमंदिरात ती भरते, तिथला शिलालेख शके 982चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. हा शक समुद्रापलीकडेही चालत असे. इंडोनेशियात पालेंबांगजवळ 1920 साली सापडलेल्या केदुकान बुकितच्या शिलालेखावर शके 605 आहे. जुन्या मलय भाषेतल्या त्या लेखात नावेतून निघालेल्या मोहिमेची हकिगत येते आणि तिच्यात शब्द येतो ‘सिद्धयात्रा’. आपल्याच यात्रेची ही बहीण, तिकडे दिलेली.

दिल्या घरी शब्द तिथल्या वळणाचे झाले. इंडोनेशियन माणूस ‘चिंता’ म्हणतो तेव्हा तो प्रेमाबद्दल बोलत असतो. हे प्रथम कळलं तेव्हा मला माझी आई आठवली. रात्री लोकलला उशीर झाला की ती दारात उभी असायची. तिची चिंता प्रेमाहून निराळी कुठे होती? संस्कृतात चिंता म्हणजे मनात घोळणारा विचार. आपण त्यातली काळजी घेतली, त्यांनी ओढ. त्यांचा ‘सेंगसारा’ म्हणजे हालअपेष्टा, तो आपला संसार. ‘बियासा’ म्हणजे नेहमीचं, सवयीचं, तो अभ्यास. पुन्हा पुन्हा करणं हा त्याचा जुना अर्थ त्यांच्याकडे टिकला, आपल्याकडे तो शब्द शाळेत जाऊन बसला. आणि रमजानच्या उपवासाला मलय मुसलमान ‘पुआसा’ म्हणतात, उपवासच.

याला अर्थ बिघडणं म्हणणं मला मान्य नाही. संस्कृतातला राग म्हणजे रंग, अनुराग. मराठीत तो संताप झाला. शिक्षा म्हणजे शिकवण होती, आपण तिचा दंड केला. शब्द जो रोज बोलतो, त्याचा.

शेजारीच पाहा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वसाहतीला 1949 साली उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. संस्कृत ‘उल्लास’ मराठीच्या तोंडी ‘उल्हास’ झाला आणि घरदार गमावून आलेल्यांचा तो पत्ता बनला. त्या घरांतून आलेल्या मंडळींचं आज विशेष स्वागत.

प्रवेशदाराशी एक वही ठेवली आहे. आपल्या घरात वेगळ्याच अर्थाने नांदणारा एखादा शब्द, मराठी, सिंधी, आगरी, कुठलाही, तिच्यात लिहा आणि मगच घरी जा.