मिरजनगरीत आपले स्वागत



कण मिसळलेल्या द्रवांचे फेस आणि पातळ थर हा आपल्या परिषदेचा विषय. माझे घराणे ऊसवाल्यांचे. गुऱ्हाळावर रस उकळू लागला की गुळव्या काहिलीत भेंडीचा चिकट रस घालतो आणि माती-चोथ्याचे कण धरून मळी वर चढते. बुडबुड्याच्या कडेला कण चिकटले की फेस टिकतो, हे रॅम्सडेन या शास्त्रज्ञांनी १९०३ साली दाखवल्याचे समितीतल्या प्राध्यापकांनी सांगितले, तेव्हा मला ती काहीलच डोळ्यांपुढे दिसली.

पण मिरजेत आलात म्हणजे सतारीबद्दल ऐकायलाच हवे. इथे सतारी घडवणारे फरीदसाहेब हे शिकलगारांच्या घरातले, पिढ्यान् पिढ्या हत्यारांना धार लावणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात त्या कामाचे दिवस सरत आले. पटवर्धन संस्थानिकांमुळे गावात गवयांचा राबता होता. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेबांनी नवी घडवली. कडू भोपळा, तुणीचे लाकूड आणि तलवारीवर तयार झालेला हात! आज त्यांचे वंशज आणि शिष्यपरंपरा सतारमेकर गल्लीत तेच करते आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दिवशी फरीदसाहेब हवे होते, असे मला राहून राहून वाटले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि तिथे दरवर्षी गवई हजेरी लावतात. 

गाणे आले तिथे तबला आला, आणि तबल्यावरची शाई म्हणजे आपलाच विषय. लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा लगदा थरावर थर चढवायचा आणि दगडाने घासायचा. पाणी उडते, कण दाटतात, थर आकसू पाहतो, पण खालचे कातडे त्याला धरून ठेवते. मग बारीक भेगा पडतात. या भेगांमुळेच जड थर कातड्याबरोबर लवू शकतो. अशा भार चढवलेल्या चर्मवाद्यांचे सूर जुळलेले का येतात, यावर सर चंद्रशेखर रामन यांनी १९२० साली लिहिले.

आता क्षमा मागायची आहे. काल रात्रीच्या गाडीने आलेल्या वीस-बावीस पाहुण्यांना स्टेशनवर तासभर थांबावे लागले. वसतिगृहात सकाळी गरम पाणी पुरले नाही. दोष माझा, समितीतल्या मुलांचा नाही. आज रात्रीपासून बंब वाढवले आहेत. जेवणात तिखट जास्त वाटले तर वाढप्याला निःसंकोच सांगा, वेगळी आमटी केली आहे. मांडव, भांडी, तांदूळ, गूळ देणारे व्यापारी, बिनभाड्याने गाड्या देणारे रिक्षावाले आणि पाहुण्यांसाठी घरातल्या खोल्या मोकळ्या करून देणाऱ्या माझ्या भगिनी यांचे उपकार मोठे आहेत. कित्येकांनी नाव घेऊ नका असे बजावले आहे, म्हणून नुसता हात जोडतो.

एकच विनंती. सभागृहाच्या दाराशी एक जुना तबला आणि शेजारी भिंग ठेवले आहे. शाई जवळून पाहा. उद्या चार वाजता सतारमेकर गल्लीकडे गाड्या निघतील, सर्वांनी यावे.