मिनिटभराची विद्या



आपल्या गावात नसले तर शेजारच्या गावात तरी आरोग्य उपकेंद्राची बैठी इमारत आपण पाहिलीच असेल. सपाट मुलखात ५,००० वस्तीमागे आणि डोंगराळ व आदिवासी भागांत ३,००० वस्तीमागे असे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी दंडक आहे. तेथे जी बाई काम करते, तिच्या पदाचे नाव सहाय्यक परिचारिका प्रसविका. पण एवढे लांबलचक नाव घेतो कोण? आपण तिला सिस्टर म्हणतो, नर्सबाई म्हणतो. मध्यरात्री लेकरू तापाने फणफणले, बाळंतिणीचे रक्त थांबेना, की तिच्याच दाराची कडी वाजवतो. डॉक्टर पुष्कळदा दहा-वीस कोसांवर असतो. मधल्या वेळात काय होईल, हे या बाईच्या जाणतेपणावर अवलंबून असते.

हा जाणतेपणा तिला मिळतो कसा? बारावीनंतर दोन वर्षांचे शिक्षण, मग परीक्षा, आणि ती उतरल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी. ही नोंदणी म्हणजेच तिचा परवाना. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुली आज या परीक्षेची तयारी करीत आहेत. मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा एक प्राध्यापक. परंतु ही तयारी कशी करावी, हा प्रश्न माझ्या विषयाच्या अगदी उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. म्हणून आज त्यावर दोन शब्द बोलणार आहे.

अमेरिकेत परिचारिकांचा एक वर्ग आहे. त्यांना 'प्रॅक्टिकल नर्स' म्हणतात. त्यांनाही परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. १९९४ सालापासून ती संगणकावर होते. उमेदवाराचे उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न कठीण येतो, चुकले तर सोपा. त्या परीक्षेतल्या प्रश्नांचा एक ठरलेला नमुना आहे. चार रोगी समोर आहेत. आधी कोणाकडे जाल? किंवा, अमुक लक्षण दिसले. सर्वप्रथम काय कराल? निव्वळ व्याख्या पाठ असून तेथे भागत नाही. 'आधी काय' हे ठरवता आले पाहिजे. प्रश्नपत्रिका कुठलीही असो, रोग्याच्या खाटेजवळ उभे राहिले की प्रश्न हाच असतो. म्हणून आपल्याकडच्या मुलींनीही याच प्रश्नाला डोळ्यांपुढे ठेवून अभ्यास करावा, असे मला वाटते.

एक उदाहरण घेऊ. लहान मुलाला खोकला झाला आहे. हा साधा पडसे-खोकला की न्यूमोनिया, हे उपकेंद्रात कसे ओळखायचे? तेथे क्ष-किरणाचे यंत्र नाही. पण घड्याळ आहे, आणि मुलाची छाती समोर आहे. मुलाचे श्वास मोजायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल आणि मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास भरले, तर श्वास जलद समजावा. पूर्ण दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत हीच मर्यादा ५०, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. हे तीन आकडे प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतात, आणि असावेतही.

आता माझा प्रश्न ऐका. एका मुलाचे श्वास मिनिटाला ४६ भरले. सांगा, जलद की नाही? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी मुलाचे वय विचारा. मूल दहा महिन्यांचे असेल तर हा श्वास जलद नव्हे. दीड वर्षाचे असेल तर जलद. आकडा तोच, पण निर्णय उलटा! देह जितका लहान तितका त्याचा स्वाभाविक श्वास वेगवान असतो, हे कारण ध्यानात असले म्हणजे तीन आकड्यांचा गोंधळ होत नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर चालणार नाही का, असे पुष्कळांना वाटते. करून बघा. पंधरा सेकंदांत १२ श्वास मोजले तर उत्तर ४८ येते, १३ मोजले तर ५२. एका श्वासाची चूक झाली आणि दहा महिन्यांचे मूल ५०च्या रेषेच्या अलीकडचे पलीकडे गेले. त्यातून तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच भरभर चालतो, मध्येच क्षणभर थबकतो. म्हणून पुरते एक मिनिट मोजायचे. मूल रडत असेल, अंगावर पीत असेल, तर थांबायचे. ते शांत झाले की आईच्या मांडीवरच अंगडे वर सारून मोजायचे. अगदी तान्ह्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. आणि पुन्हा तेच आले, तर त्याला उपकेंद्रात न ठेवता लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचे.

मोजता मोजता आणखी एक पाहायचे. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर फुगायला हवा. तो उलट आत ओढला जात असेल, तर फुफ्फुसाला हवा घेण्यासाठी फार जोर करावा लागतो आहे, असे समजावे. शिवाय मूल पाणी पीत नाही, अंगावर ओढत नाही, पोटात गेलेले सारे ओकून टाकते, झटके येतात, किंवा हाका मारूनही गुंगीतच राहते, यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी गाडीची व्यवस्था आधी आणि नोंदवही मागाहून.

आपल्या आयाबायांना ही खूण फार पूर्वीपासून ठाऊक आहे बरे! 'पोट उडतंय', 'डबा झालाय', असे त्या म्हणतात. त्यांची पाहणी अचूक. घात होतो तो पुढच्या कृतीत. मेळघाटासारख्या भागात तापलेल्या विळ्याने तान्ह्या बाळाचे पोट डागल्याच्या घटना अगदी अलीकडच्या वर्षांतही घडल्या आहेत. पाहणी बरोबर आणि अनुमान चुकीचे, याचे याहून दुःखद उदाहरण तर्कशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही.

मग ही विद्या फार शिकलेल्यांचीच आहे काय? मुळीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावच्या दाईला न्यूमोनिया ओळखायला शिकवायचे, असे त्यांनी ठरवले. अडचण अशी, की पुष्कळ दायांना दहा-बारापलीकडे मोजताच येईना. तेव्हा त्यांनी एक साधे साधन तयार केले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ अगदी तान्ह्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर दाईच्या हाती पन्नास-साठचे गणित आले. गावातच ओळख आणि गावातच औषध, या पद्धतीने बालमृत्यू कमी झाल्याचा अहवाल १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पाहणे, मोजणे आणि त्यावरून कृती ठरवणे, एवढी या विद्येची तीन अंगे. तिन्ही जिच्या हाती आली, ती शिकली.

मागे माझी एक जुनी विद्यार्थिनी वही घेऊन भेटायला आली होती. परीक्षा महिन्यावर आलेली. "सर, प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००," वगैरे तिने घडाघडा म्हणून दाखवले. मी तिचेच पुस्तक चाळत विचारले, "अगं, बाळंत होऊन तास झालेल्या बाईची नाडी १२० आहे, आणि रक्तदाब ११०/७०. मग?"

"नाडी वाढलीय. पण रक्तदाब ठीक आहे, सर."

"म्हणजे तू स्वस्थ बसशील?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "नाही. पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे का बघीन. आणि खालचं कापड बघीन."

पोरीने मर्म पकडले होते. रक्त जाऊ लागले की हृदय भरभर चालू लागते आणि रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे तरुण बाईचा रक्तदाब पुष्कळ रक्त जाईपर्यंत ठीकच दिसतो. नाडी आधी ओरडते, रक्तदाब मागाहून पडतो. जी रक्तदाब पडण्याची वाट पाहील, तिला उशीर झालेला असेल. कापडात मुरलेल्या रक्ताचा नजरेने केलेला अंदाजही बहुधा कमीच भरतो. गर्भाशय मऊ लागले, तर मदतीला हाक मारायची, ते चोळून घट्ट करायचे, लघवी तुंबली असेल तर मूत्राशय रिकामे करायचे, ठरलेल्या आज्ञेप्रमाणे ऑक्सिटोसिन द्यायचे आणि १०८ची गाडी बोलवायची. गर्भाशय घट्ट आहे आणि तरीही रक्त वाहते आहे, तर कोठेतरी फाटले असेल, असा संशय धरायचा. पाहा, हाताला मऊ लागले की घट्ट, एवढ्यावरून विचाराची वाट फुटते.

परीक्षेला बसणाऱ्या मुलींना माझे एवढेच सांगणे आहे. वहीत प्रत्येक आकड्यापुढे आणखी दोन रकाने आखा. पहिल्यात 'असे का?' याचे उत्तर लिहा, दुसऱ्यात 'मग मी आधी काय करीन?' याचे. दुसरा रकाना कोरा राहिला, तर तो आकडा अजून आपला झालेला नाही असे समजा. मैत्रिणीला रोगी करा, तिला लक्षणे सांगू द्या, आणि तोंडी उत्तर द्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, या विद्येचा पाया तुमच्या वर्गात घातला जातो. सेकंदकाटा असलेले एक घड्याळ पुरे. मुलांना मनगटावरची नाडी मिनिटभर मोजायला लावा. मग मैदानाला एक फेरी मारून आल्यावर पुन्हा मोजू द्या. पंधरा सेकंदांचा हिशेब आणि पुऱ्या मिनिटाचा हिशेब यांत फरक किती पडला, तो फळ्यावर मांडा. सरासरी, गुणाकार आणि शरीरशास्त्र यांचा धडा एकाच तासात होईल. त्या वर्गातली एखादी मुलगी पुढे नर्स होईल, आणि बाकीची आईबाप तर होतीलच.

आणि गावकरी मंडळींनो, नर्सबाई मुलाकडे नुसती टक लावून बसली आहे, काहीच करीत नाही, असे आपल्याला वाटते. "बाई, सुई टोचा की लवकर!" असे आपण ओरडतो. पण त्या वेळी ती श्वास मोजत असते. आपल्या ओरडण्याने मूल दचकते, रडू लागते, आणि तिला पहिल्यापासून मोजावे लागते. तेवढे एक मिनिट तिला द्या. दोन वर्षांचा अभ्यास आणि तिची सारी परीक्षा त्या एका मिनिटात असते. आणि पुष्कळदा लेकराचा जीवही.