दुबईतला फ्लॅट आणि साताऱ्यातला पेन्शनर
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला गुंतवणुकीवर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा, वेळ थोडा, आणि मागे ताटे मांडल्याचा आवाज येतोय. म्हणून हल्ली आपल्या कट्ट्यावर चघळल्या जाणाऱ्या एकाच गोष्टीवर बोलतो : भाड्यासाठी दुबईत फ्लॅट घ्यावा का?

आपल्यातले एक सभासद गावाकडची जमीन विकून आलेले एक कोटी तिकडे लावायच्या विचारात आहेत. त्यांना विचारूनच, नाव न घेता, त्यांचा हिशेब मांडतो.

पैसे पाठवायला परवानगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. ही सवलत २००४ मध्ये २५ हजार डॉलरवर सुरू झाली. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा मात्र या योजनेतून परदेशात घर घ्यायला जवळजवळ वर्षभर बंदी होती, हेही लक्षात असू द्या.

खरी मेख टीसीएसमध्ये आहे. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के वेगळे भरून घेते. एक कोटीवर अठरा लाख! ते बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर परत मिळतात. पण पेन्शनरचा कर असतो किती? तोवर अठरा लाख अडकले, आणि तेही कोटीच्या वर उभे करायचे. शिवाय दुबईत नोंदणीचे ४ टक्के.

पत्रकात भाडे सात टक्के लिहिलंय, म्हणजे सात लाख. देखभाल, एजंट, एखादा रिकामा महिना, दुरुस्ती यांचे मी दोन लाख धरले. उरले पाच. 'तिकडे टॅक्स नाही' हे खरे, पण आपण इथले रहिवासी. ते भाडे इथल्या उत्पन्नात धरले जाते. रिटर्नच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅट दाखवला नाही, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

मग लोक वेडे आहेत का? नाहीत. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. २००५ च्या सुमारास तो बारा रुपयांना होता, आज तेविसाच्या वर आहे. रुपया घसरला की आपले भाडे आपोआप वाढते, हे इथल्या कुठल्याच एफडीत होत नाही. मात्र २००८ च्या मंदीनंतर त्याच दुबईत घरांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या.

परक्या मुलुखात घर आपले झाले तरी नियम त्यांचेच असतात. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकले, ते आपल्याला ठाऊक आहे. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात ते भाड्याने राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे स्मारक झाले, पण राहत्या घराचे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने नकार दिला. अपील, चौकशी होऊन २०२० मध्ये परवानगी मिळाली. शासनाला पाच वर्षे लागली. आपल्यामागे कोण आहे?

सांगलीत माझा एक छोटा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. पाणी ओसरल्यावर मी एसटीने गेलो, भाडेकरूबरोबर चिखल काढला, प्लंबर गाठला, संध्याकाळी परत आलो. दुबईत हेच काम ईमेलवर करायचे.

हे सगळे ऐकून त्या सभासदांच्या पत्नी म्हणाल्या, "भावजी, उद्या हे नसले तर मी तिकडे फोन कुणाला करू?" माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता. म्हणून मी सुचवले की फ्लॅट दोघांच्या नावे असावा, तिकडच्या मालमत्तेचे मृत्युपत्र तिकडे वेगळे नोंदवावे, आणि कोटी हीच सगळी पुंजी असेल तर घेऊच नये. चौथा हिस्सा असेल तर खुशाल घ्या.

टोकनची मुदत महिनाअखेर आहे. वहिनींना उत्तर मिळाल्याशिवाय सही करणार नाही, असे ते म्हणालेत. हिशेबाचा तक्ता माझ्याकडे आहे. हवा त्यांनी पाचनंतर यावे, दुपारी मी झोपतो.